कबुलीचं आरोपपत्र

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात एक 'सेवक' येतो. त्याला ना रूप, ना मान. लोक त्याला पाहून तोंड फिरवतात. तो मार खातो, तोंडातून शब्द काढत नाही आणि शेवटी मारला जातो. मग तोंड फिरवणारेच बोलू लागतात: आम्हाला वाटलं देवाने याला शिक्षा केली, पण हा तर आमच्याच अपराधांचं ओझं वाहत होता. 52व्या अध्यायाची शेवटची तीन वचनं आणि 53व्याची बारा, एवढाच हा मजकूर. मसीहाला त्याचेच लोक नाकारणार, हे आधीच सांगून ठेवलं होतं, असं ख्रिस्ती परंपरा म्हणते तेव्हा तिचं पहिलं बोट याच पंधरा वचनांवर असतं.

आता यात नकाराचा दोष कोण घेतं ते पाहा. बोलणारे तो स्वतःवर घेतात. ही सरळसरळ कबुली आहे. पुढे तिचं दुसऱ्यावरचं आरोपपत्र कसं झालं आणि ते मागे घ्यायला किती शतकं लागली, हा या विषयाचा खरा इतिहास.

मूळ पुस्तकाचं म्हणणं सोपं नाही. यशयाचे 40 ते 55 हे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या अखेरच्या काळातले, इ.स.पू. सहाव्या शतकातले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यरुशलेमचं मंदिर पडलेलं, लोक परमुलखात. या अध्यायांत 'मसीहा', म्हणजे देवाने अभिषेक केलेला, ही पदवी एकालाच मिळते आणि तो आहे परका राजा, इराणचा कोरेश. सेवकाला ती कुठेच दिलेली नाही. हा सेवक म्हणजे इस्राएल, असं 49व्या अध्यायात एका वचनात स्पष्ट म्हटलंय; आणि तीनच वचनांनंतर त्याच सेवकावर इस्राएलला परत आणायचं काम सोपवलंय. म्हणजे तो अख्खी प्रजा आहे की प्रजेतला एक माणूस? संदेष्ट्याने गाठ सोडवून दिलेली नाही. बर्नहार्ड डूम या जर्मन पंडिताने 1892 मध्ये 'सेवकगीतं' वेगळी काढून दाखवली, त्यानंतर तर्कांचं पीक आलं. गाठ मात्र तशीच आहे.

येशूच्या काळातल्या अनेक यहुद्यांना मसीहाची वाट होती, पण ती दाविदाच्या गादीवर बसणाऱ्याची, रोमचं जोखड फेकून देणाऱ्याची. इ.स. 30च्या सुमारास रोमन सुभेदाराने येशूला क्रुसावर दिलं, तेव्हा त्याच्या अनुयायांपुढे प्रश्न उभा राहिला: मसीहा असा मरतो कसा? आणि त्याच्याच माणसांनी त्याला ओळखलं कसं नाही? हे विचारणारे सगळे यहुदी होते आणि उत्तर शोधायला त्यांच्याजवळ ग्रंथही एकच होता. त्यांनी तो पुन्हा उघडला. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेला दगडच कोपऱ्याचा मुख्य दगड झाला, हे 118व्या स्तोत्रातलं चित्र त्यांना सापडलं. यशयाच्या सहाव्या अध्यायातले, ऐकूनही न समजणारे आणि पाहूनही न ओळखणारे लोक सापडले. हा उतारा चारही शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटी, असा पाच ठिकाणी येतो. कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा एक दरबारी अधिकारी यरुशलेमहून गाझाच्या वाटेने रथातून चाललाय आणि मोठ्याने यशया वाचतोय. हा संदेष्टा स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्या कुणाबद्दल, असं तो वाटेत भेटलेल्या येशूच्या अनुयायाला, फिलिप्पाला विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. फिलिप्प उत्तरादाखल येशूची गोष्ट सांगतो.

इथवर हा घरातला वाद होता. हिब्रू संदेष्ट्यांनी आपल्या लोकांना जितकं फैलावर घेतलं, तितकं क्वचितच कुठल्या प्रजेने स्वतःबद्दल लिहून, वर ते पवित्र म्हणून जपलं असेल. पण आजोबांनी नातवाला रागाच्या भरात जे सुनावलं, ते शेजाऱ्याने टिपून घेऊन पोलीस ठाण्यात फिर्याद म्हणून द्यावं, तसं पुढे झालं. शेजारी येण्याआधीच प्रेषित पौलाला हा धोका दिसला होता. इ.स. 57च्या सुमारास रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तीन अध्याय तो याच दुखण्याशी झगडतो. आपले लोक ठेचकाळले याचं त्याला दुःख आहे. पण रानटी जैतुनाची फांदी मूळ झाडावर कलम केली म्हणून तिने तोडलेल्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, असा दम तो बिगरयहुदी ख्रिस्त्यांना देतो. शेवटी सगळा इस्राएल तारला जाईल, असंही म्हणतो. हे तीन अध्याय चर्चच्या कानात राहिले असते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला वाटतं.

इ.स. 70 मध्ये पुन्हा बांधलेलं मंदिरही पडलं. 132 ते 135 या काळात बार कोखबाचं बंड झालं; रब्बी अकिवाने त्याला मसीहा म्हटलं होतं, पण तेही चिरडलं गेलं. एव्हाना चर्चमध्ये बिगरयहुद्यांचा भरणा झाला होता. त्यांतला एक जस्टिन, सामरियातल्या नेआपोलिसचा, म्हणजे आजच्या नाब्लसचा. 155 ते 160च्या दरम्यान त्याने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला दोन दिवसांचा संवाद लिहिला. त्रिफो हा त्या युद्धातून निघून आलेला माणूस. मसीहा दुःख भोगेल, हे शास्त्रात आहे, एवढं तो मान्य करतो. त्याचं घोडं अडतं क्रुसापाशी. झाडावर टांगलेला शापित, असं नियमशास्त्र म्हणतं. मग मसीहा असा शापित कसा मरेल? जस्टिन उत्तरं देतो, पण बोलता बोलता एक पायरी ओलांडतो. ही शास्त्रं आता तुमची उरली नाहीत, आमची झाली. खरा इस्राएल आम्हीच. तुमच्यावर जे कोसळलं ते योग्यच झालं, असंही सुचवतो. तरी दोघं एकमेकांना सदिच्छा देऊन निरोप घेतात. असा निरोप या इतिहासात पुन्हा फारसा दिसत नाही.

त्याच शतकाच्या उत्तरार्धात सार्डिसच्या मेलितोने वल्हांडणाच्या प्रवचनात इस्राएलवर थेट देवाला मारल्याचा आरोप ठेवला. अंत्युखियात 386-87 मध्ये योहान क्रिसोस्तोमने सभास्थानांत जाणाऱ्या ख्रिस्त्यांना धाक घालायला यहुद्यांना नाही नाही ते बोलून घेतलं. ऑगस्टिनने थोडी वेगळी वाट काढली: यहुद्यांना मारू नका, त्यांना विखुरलेलंच राहू द्या, आपली भाकितं आपण रचलेली नाहीत याचे ते साक्षीदार, आपल्यासाठी ग्रंथ वाहणारे हमाल. या शिकवणीने पुष्कळ जीव वाचवले, हे खरं. पण हमाल तो हमालच.

या गर्दीत ख्रिस्ती पंडित ओरिजेन वेगळा उठून दिसतो. यशया 53 हा इस्राएलबद्दल आहे, हा अर्थ अकराव्या शतकात यहुदी भाष्यकार राशीने ख्रिस्त्यांना टाळण्यासाठी काढला, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ओरिजेन 248च्या सुमारास 'केल्ससविरुद्ध' या ग्रंथात लिहितो की विद्वान यहुद्यांशी चर्चा करताना त्याने हाच उतारा पुढे केला, तर त्यांनी सांगितलं, ही एक व्यक्ती म्हणजे परदेशांत विखुरलेली, मार खाल्लेली सगळी प्रजा. म्हणजे हा अर्थ राशीच्या किमान आठशे वर्षं आधीचा. ओरिजेनचा उलट सवालही नोंद घेण्यासारखा आहे: सेवक म्हणजेच प्रजा, तर मग प्रजेच्या अपराधांपायी मरणाकडे नेला गेला तो कोण? दोन्ही बाजूंनी मजकूर नीट वाचला होता, याचा हा पुरावा.

यहुदी बाजूलाही एकच सूर नव्हता. तर्गुमात, म्हणजे अरामी भाषांतरात, सेवक मसीहाच आहे; पण त्याचे हाल प्रजेच्या आणि शत्रूंच्या वाट्याला टाकलेत. तलमूदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, याच अध्यायाच्या आधारे मसीहाला कुष्ठरोगी म्हटल्याची एक नोंद आहे, आणि मारल्या जाणाऱ्या, योसेफाच्या वंशातल्या दुसऱ्या मसीहाचीही. राशीच्या हयातीतच, 1096 मध्ये, क्रुसेडला निघालेल्या झुंडींनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्झमधल्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. त्यानंतर मुकाट मार खाणाऱ्या सेवकात एखाद्या यहुद्याला आपली माणसं दिसली, तर त्यासाठी पळवाट शोधायची गरज नव्हती.

बार्सिलोनात 20 जुलै 1263 रोजी अरागॉनचा राजा पहिला जाउमे याच्या समोर वाद उभा राहिला. एका बाजूला पाब्लो क्रिस्तियानी, यहुदी धर्मातून येऊन डोमिनिकन संन्यासी झालेला. दुसरीकडे गिरोनाचा सत्तरीकडे झुकलेला रब्बी मोशे बेन नाहमान, अर्थात नाहमानिदेस. पाब्लोचा डाव नवा होता. तलमूद जाळण्याचा प्रयोग पॅरिसमध्ये आधीच होऊन गेला होता. पाब्लो म्हणाला, तलमूदातूनच सिद्ध करतो की मसीहा येऊन गेला. मंदिर पडलं त्या दिवशीच मसीहा जन्मला, अशी जुनी गोष्ट त्याने काढली. नाहमानिदेसने सांगितलं की या कथा प्रवचनातल्यासारख्या असतात, पटल्या तर घ्याव्यात. आणि जन्मला म्हणजे आला असं थोडंच? शिवाय येशू तर मंदिर पडण्याच्या आधीच जन्मला आणि मारलाही गेला, मग तो हा कसा? यशया 53 निघाल्यावर तो म्हणाला, सरळ अर्थ इस्राएल. काही गुरू मसीहाकडे अर्थ लावतात, पण तो शत्रूंच्या हातून मारला जाईल असं कुणी म्हटलेलं नाही.

त्याचा खरा मुद्दा याहून साधा होता. संदेष्टे सांगतात, मसीहाच्या काळात तलवारींचे फाळ होतील. येशूपासून आजवर जग मारहाण आणि लुटीने भरलेलं आहे, आणि युद्ध बंद झालं तर महाराज, आपल्या सरदारांचीच पंचाईत होईल! राजाच्या तोंडावर हे बोलायला छाती लागते. ख्रिस्ती परंपरा ज्याला 'नकार' म्हणते तो आतून कसा दिसतो, ते इथे कळतं. त्यांच्या लेखी त्यांनी मसीहाला नाकारलेलंच नव्हतं. एक दावा समोर आला, जगाकडे बघून तो पटला नाही, म्हणून ते वाट बघत राहिले.

वादाचे दोन वृत्तांत आहेत, एक लॅटिन आणि एक नाहमानिदेसचा हिब्रू. दोन्हींत जिंकणारे वेगवेगळे. राजाने आपल्याला तीनशे दिनार देऊन निरोप दिला, असं नाहमानिदेस लिहितो. पण त्याने वृत्तांत लिहिला म्हणून डोमिनिकनांनी त्याच्यावर खटला भरला, आणि 1267 मध्ये या म्हाताऱ्याने यरुशलेम गाठलं.

पुढची काही शतकं भराभर उलटता येतात. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलच्या दारावर तेराव्या शतकातच डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मोडक्या भाल्याची 'सिनागोगा', म्हणजे यहुदी धर्माची स्त्रीरूपातली मूर्ती, उभी राहिली होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही भाकिताचा अर्थ त्या पट्टीतून कळे. धर्मसुधारक लूथरने 1523 मध्ये येशू जन्माने यहुदी असल्याची आठवण प्रेमाने करून दिली. यहुदी तरीही वळले नाहीत, तेव्हा 1543 मध्ये त्यांची सभास्थानं जाळा, असं लिहिलं. नवल असं की 1566च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथात क्रुसाचा दोष पापी ख्रिस्त्यांवर यहुद्यांहूनही अधिक येतो, असं लिहिलेलं आहे. कबुली पुस्तकात होती. देवळात, गुड फ्रायडेला, यहुद्यांना 'अविश्वासी' म्हणणारी आणि त्यांच्यासाठी गुडघे न टेकता करायची प्रार्थना चालूच राहिली.

आपल्याकडे हिब्रू भाकितं प्रथम ओवीतून आली. फादर स्टीफन्सच्या 1616च्या 'क्रिस्तपुराणा'चा पहिला भाग जुन्या कराराचाच आहे, येणाऱ्या तारणाऱ्याची वाट बघणारा. दोन शतकांनी मुंबईत जॉन विल्सन आणि इतर मिशनऱ्यांना कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, भेटले. त्यांना हिब्रू शिकवावी, शास्त्र मराठीत द्यावं, म्हणजे भाकितं वाचून ते आपोआप येशूपाशी येतील, असा हिशेब होता. विल्सनने 1832 मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. बेने इस्राएल हिब्रू शिकले, शास्त्र वाचलं आणि अधिक पक्के यहुदी झाले. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. मुळात आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून येशूच्या आधीच इथे आले, असं त्यांची परंपरा सांगते. मग नकाराचा ठपका त्यांच्यावर ठेवायचा तरी कसा?

युरोपात या आरोपपत्राला हात घातला तो ज्यूल इझाक या फ्रेंच इतिहासकाराने. फ्रान्सभर शाळांत शिकवली जाणारी इतिहासाची पाठ्यपुस्तकं त्याच्या नावाची. पण नाझीधार्जिण्या विशी सरकारने यहुदी म्हणून त्याला नोकरीतून काढलं. 1943 मध्ये त्याची बायको आणि मुलगी पकडली गेली, ती आउश्वित्झहून परतली नाहीत. लपून राहत त्याने लिहिलेलं 'येशू आणि इस्राएल' 1948 मध्ये निघालं: शुभवर्तमानं एकीकडे, त्यांवर चढलेली शिकवण दुसरीकडे, आणि मधलं अंतर मुद्देसूद मोजलेलं. जून 1960 मध्ये, वयाच्या 82व्या वर्षी, तो पोप तेविसाव्या जॉनना भेटला. त्यांनी वर्षभर आधीच प्रार्थनेतला 'अविश्वासी' शब्द काढला होता. 28 ऑक्टोबर 1965 रोजी व्हॅटिकन परिषदेने 2221 विरुद्ध 88 मतांनी जाहीर केलं की येशूच्या मरणाचा ठपका तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही आणि आजच्यांवर तर नाहीच. आधार घेतला तो पौलाच्या रोमकरांस पत्राचा, त्याच जैतुनाच्या झाडाचा. इझाक 1963 मध्येच गेला होता. 2001 मध्ये व्हॅटिकनच्या बायबल आयोगाने म्हटलं की यहुद्यांची मसीहाची प्रतीक्षा व्यर्थ नाही.

मिटलं म्हणावं तर तसंही नाही. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या उपासनेत आज पहिलं वाचन असतं ते याच पंधरा वचनांचं, मराठीत. नंतर ओळीने येणाऱ्या दहा प्रार्थनांतली सहावी यहुद्यांसाठी. देवाने ज्यांच्याशी प्रथम बोलणं केलं, त्यांनी त्याच्या करारात निष्ठेने वाढावं, असा तिचा रोख. जुन्या लॅटिन उपासनेसाठी मात्र पोप सोळाव्या बेनेडिक्टनी 2008 मध्ये जी प्रार्थना नव्याने लिहून दिली, ती मागते की यहुद्यांची अंतःकरणं उजळावीत आणि त्यांनी येशूला तारणारा म्हणून ओळखावं. त्यावर यहुदी संघटनांनी आणि काही कॅथलिक विद्वानांनीही आक्षेप घेतले. प्रार्थना बदलली नाही. एकाच कॅथलिक धर्मसभेत, एकाच शुक्रवारी, या दोन्ही प्रार्थना होतात.