स्मृतिभ्रंश आणि पाहुण्यांची मते

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा म्हातारपणाचाच भाग आहे असे बहुतेक घरांत धरून चालतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपतो आणि निदान लांबते. प्रत्यक्षात ही मेंदूच्या आजारांतून उद्भवणारी लक्षणे आहेत. स्मृतिभ्रंशाचे सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे; उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांना नाही. शिवाय ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात. तपासणी टाळण्याचे नुकसान इथे होते.

दुसरा समज असा, की हा फक्त विसरण्याचा आजार आहे. पण विसरण्याबरोबरच क्रम लावणे, हिशेब करणे, वेळ आणि जागा ओळखणेही बिघडते. आयुष्यभर चहा केलेल्या बाईला आधी आधण ठेवायचे की दूध ओतायचे, हे सुचत नाही. स्वतःच्या घरात बसून संध्याकाळी ‘मला घरी सोडा’ असा हट्ट सुरू होतो. पाकीट स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवलेले असते. ते ठेवल्याची नोंद मेंदूत झालेलीच नसते, म्हणून ‘सुनेने चोरले’ हाच निष्कर्ष त्या व्यक्तीला खरा वाटतो. आळ येतो तो बहुधा सर्वांत जवळ वावरणाऱ्यावर. हा कांगावा नव्हे, आणि वाद घालून तो मिटतही नाही.

‘आमच्याशी तर छान बोलले, तुम्ही उगाच बाऊ करता’ हे वाक्य सांभाळणाऱ्याला सर्वांत जास्त लागते. विशेषतः सुरुवातीच्या टप्प्यात रुग्ण पाहुण्यांसमोर तासभर नीट वागू शकतो. हसून स्वागत करतो, जुन्या आठवणी सांगतो. त्या ताज्या घडामोडींपेक्षा जास्त काळ टिकतात. पाहुणे गेल्यावर थकवा येतो, चिडचिड वाढते, रात्री झोप उडते. ते पाहायला पाहुणे नसतात. तरीही दिवाळीला दोन दिवस येऊन गेलेल्या भावाचे मत वर्षभर सोबत राहणाऱ्या बहिणीच्या मतापेक्षा वजनदार ठरते, हे अन्यायाचेच आहे.

आजार वाढला की ‘आता त्यांना काही कळत नाही’ असे त्यांच्यासमोरच बोलले जाते. नाव आणि नाते पुसले गेले, तरी आवाजातला राग, माया आणि अपमान जाणवत राहतो. ‘ओळखा पाहू मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नये. ‘मावशी, मी सुनील, तुमच्या ताईंचा मुलगा’ असे आपणच सांगितले, की तोंडी परीक्षेची नामुष्की टळते.

घरात सून किंवा मुलगी आहे म्हणजे सोय झाली, हाही गैरसमजच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मिळणाऱ्या काळजीच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियाच देतात. अंघोळ, शौच, औषधे, दाराला कुलूप आणि रात्रीची जाग यांत अनेकींची नोकरी सुटते, पाठ धरते, नैराश्य येते. समोर असलेले माणूस हळूहळू हरवत जाण्याचे दुःख असते ते वेगळेच. त्यासाठी कोणी भेटायला येत नाही. मदतनीस ठेवला किंवा रुग्णाला काळजी केंद्रात हलवले, की ‘टाकून दिले’ हा शिक्का मात्र लगेच बसतो. दमलेल्या माणसाकडून धड काळजी घेतली जात नाही, हे शिक्का मारणाऱ्यांना ठाऊक नसते.

सध्याची औषधे लक्षणे काही काळ आटोक्यात ठेवतात किंवा काही रुग्णांत आजाराची गती थोडी कमी करतात, पण तो बरा करत नाहीत. म्हणून ‘अमुक काढा देऊन बघा’ हा फोन टाळावा आणि ‘रविवारी दुपारी मी बसतो, तू बाहेर जाऊन ये’ असा करावा. शेजारीपाजारी कोणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर आहे. सल्ला आणि मार्गदर्शनासाठी तिथे विनामूल्य बोलता येते.