फुलाचाही एक्स-रे निघतो!

एक्स-रे फोटोग्राफीला कॅमेराच लागत नाही. वस्तू फिल्मवर ठेवायची आणि वरून क्ष-किरण सोडायचे. वस्तू दाट असेल तिथे किरण अडतात, विरळ असेल तिथे आरपार जाऊन फिल्म काळी करतात. म्हणजे एक्स-रे ही सावलीच, पण आतल्या-बाहेरच्या सगळ्या थरांची एकत्र पडलेली! साध्या भिंगाने हे किरण वळत नाहीत, त्यामुळे गुलाब जेवढा, जवळजवळ तेवढाच त्याचा फोटो.

जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म रॉन्टगेन यांना हे किरण गवसले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. दीड महिन्यात त्यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला: बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी. लगेच १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या एडर आणि व्हालेंटा या जोडीने मासे, बेडूक, साप, सरडा अशा १५ चित्रांचा संच छापला. प्रयोग विज्ञानाचा, पण चित्रं इतकी देखणी की आज कलासंग्रहालयं ती जपून ठेवतात.

मला सगळ्यांत आवडतात ते डॉ. डेन टास्कर. लॉस एंजेलिसच्या विल्शायर हॉस्पिटलमध्ये ते एक्स-रे विभागाचे प्रमुख होते. रोग्यांची हाडं तपासता तपासता १९३० च्या दशकात त्यांनी फुलांचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. बहुतेकदा एका चित्रात एकच फूल. त्यांची लिली बघा: पाकळीआडची पाकळी दिसते, पुंकेसर दिसतात, आणि सगळं कसं पातळ शाईच्या एका फटकाऱ्यात उतरल्यासारखं!

हे दिसतं तितकं सोपं नाही बरं. हाडातलं कॅल्शियम किरणांना चांगलंच अडवतं. पाकळीत मात्र मुख्यतः पाणी. हाडांसाठीचे जोरकस किरण सोडले तर पाकळी फिल्मवर उमटतच नाही. त्यासाठी कमी व्होल्टेजचे सौम्य किरण लागतात. मिशिगन विद्यापीठात दंतवैद्यक शिकवणाऱ्या अल्बर्ट रिचर्ड्स यांनाही हाच नाद लागला आणि १९९० मध्ये त्यांच्या १०० पुष्पचित्रांचं पुस्तक निघालं. दंतवैद्यक शिकवणाऱ्याने फुलांचं पोट उघडून दाखवावं, हे मला फार लोभस वाटतं.

मग विमानाएवढ्या वस्तूचं काय करायचं? ब्रिटनचे निक व्हेझी यांनी बोइंग ७७७ च्या भागांचे ५०० हून जास्त एक्स-रे काढले आणि संगणकावर जुळवून अख्खं विमान उभं केलं. त्यांच्या चित्रांत गाडी चालवणारी माणसंही दिसतात, पण ते असतात सांगाडे. कलेसाठी जिवंत माणसावर इतके किरण सोडणं धोक्याचंच. विमान पाहून थक्क व्हायला होतं, तरी माझं मत टास्करांच्या लिलीलाच.

आणि रंग? एक्स-रे काळा-पांढराच निघतो. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ आरी फान्ट रीट झाडं आणि प्राणी एकाच चौकटीत मांडतात आणि नंतर संगणकावर हवे तेवढेच भाग रंगवतात. यातले प्राणी आधीच मेलेले असतात. चित्रासाठी ते कुणाला मारत नाहीत.