काम सोपवावे, जबाबदारी नव्हे

उन्हाळा सुरू झाला की लालबागच्या मसाला बाजारात गर्दी उसळते. गृहिणी मिरच्या आणि गरम मसाले पारखून घेतात, भाजून घेतात आणि कुटण्यासाठी डंकावर देतात. कुटण्याचे कष्ट डंकवाल्याचे. परंतु आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून त्या डंकासमोरून हलत नाहीत. आज ज्याला ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात, त्याचे मर्म या नित्याच्या दृश्यात आहे.

आपल्या समाजातील अनेक पेढ्यांचे हिशेब लाल वेष्टनाच्या वह्यांतून संगणकात आले आणि आता संगणकातून ‘क्लाउड’मध्ये जात आहेत. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रांचे काम ऑनलाइन झाले. पूर्वी गादीवर बसून मुनीमजी जो जमाखर्च लिहीत, तो आज पुष्कळदा बाहेरची संस्था आपल्या कार्यालयात बसून लिहिते. सोय निःसंशय मोठी आहे. मात्र या नव्या डंकासमोर उभे कोण राहते?

‘क्लाउड’ या नावामुळे काहीतरी आकाशात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ते जमिनीवरचे, दुसऱ्याच्या मालकीचे संगणकांचे गोदाम असते. जेवढी जागा वापरावी तेवढे भाडे द्यावे, दिवाळीच्या हंगामात ती वाढवावी आणि हंगाम सरताच कमी करावी, हा त्याचा मुख्य लाभ. लहान व्यापाऱ्याला स्वतःचे महागडे यंत्र घेण्याची गरज उरत नाही.

काम घरोघर वाटून देण्याची रीत मुंबईला नवी नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था उभी राहिली. पीठ केंद्रावर मळायचे, लाट्या भगिनींनी घरी न्यायच्या आणि लाटलेले पापड परत आल्यावर तपासून घ्यायचे, अशी तिची पद्धत. या भगिनी संस्थेच्या सहमालक आहेत, त्यामुळे हे परक्याला दिलेले काम नव्हे. तरीही काम घराघरांत विखुरले असता दर्जाची सूत्रे केंद्राने हाती ठेवली, हा धडा महत्त्वाचा आहे.

याच शहरात 1968 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने 1970च्या दशकात ‘बरोज’ या अमेरिकी संगणक कंपनीची कामे भारतात बसून केली. परदेशाने आपल्याकडे काम सोपवण्याची ती सुरुवात होती. पुढे 1990च्या दशकात ब्रिटनपासून जपानपर्यंत जाणारी ‘फ्लॅग’ ही समुद्राखालची केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. परळ-लोअर परळच्या ज्या गिरण्यांत भोंग्यावर पाळ्या बदलत, त्यांच्या आवारांत काचेच्या कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. हा सारा व्यवहार किती नाजूक धाग्यावर चालतो, हे 30 जानेवारी 2008 रोजी दिसले. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले.

क्लाउडची गोदामेही हळूहळू आपल्या जवळ आली. ॲमेझॉनने आशियातील आपले पहिले केंद्र 2010 मध्ये सिंगापुरात उघडले आणि 2016 मध्ये मुंबईत आणले. मायक्रोसॉफ्टची भारतीय केंद्रे 2015 मध्ये सुरू झाली होती. 2017 मध्ये गूगलही मुंबईत आले. गोदाम जवळ असले की माहिती लवकर पोहोचते आणि देशातील कायद्याची पूर्तता करणे सुलभ होते. मात्र गोदाम जवळ आले म्हणजे काळजी मिटली, असे नव्हे.

दक्षिण कोरियात 15 ऑक्टोबर 2022 रोजी जे घडले, ते या दृष्टीने बोलके आहे. पांग्यो येथील ज्या माहिती केंद्रात ‘काकाओ’ या कंपनीचे संगणक होते, तेथे आग लागली. देशभर संदेश, पैसे आणि टॅक्सी यांसाठी वापरल्या जाणाऱ्या तिच्या सेवा ठप्प झाल्या; त्या पूर्ववत होण्यास काही दिवस लागले. ते केंद्र दुसऱ्या कंपनीचे होते. तरीही लोकांनी जाब विचारला तो काकाओला, आणि तिच्या दोन प्रमुखांपैकी एकाने पद सोडले. ग्राहकाला गोदामाचा मालक ठाऊक नसतो. त्याला दुकानावरची पाटी ठाऊक असते.

आपला कायदाही हेच सांगतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाची माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे दिले तरी उत्तरदायित्व मूळ व्यावसायिकाचेच राहते. आउटसोर्सिंगविषयी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेल्या निर्देशांचा आशयही असाच आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांनी हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी, असा नियम 2022 मध्ये झाला. नोंदीत केलेला प्रत्येक बदल दिसेल असेच हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यांनी वापरावे, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या वहीत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसे. संगणकावर ती दिसावी म्हणून नियम करावा लागला.

म्हणून काम बाहेर देताना पेढीच्या कर्त्या माणसाने चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. पहिली, क्लाउडचे खाते कोणाच्या नावाने आहे? ते पेढीच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइल क्रमांकावर असावे, हिशेबनिसाच्या नव्हे. दुसरी, हिशेबाची वेगळी प्रत कोठे आहे आणि ती उघडून शेवटची कधी पाहिली? न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरता येत नाही. तिसरी, पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहेत आणि काम सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश बंद केला आहे काय? चौथी, उद्या संस्था बदलायची झाल्यास आपली माहिती कोणत्या रूपात आणि किती दिवसांत परत मिळेल? याची उत्तरे करारात लिहून घ्यावीत. घरातील शिकलेल्या मुला-सुनांनी एक दुपार दिली तर हे काम सहज होण्यासारखे आहे.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. पूजेआधी जुन्या वहीची बाकी मेळ घालून नव्या वहीत उतरवण्याची शिस्त पूर्वजांनी पाळली. आता वही दूरच्या गोदामात गेली असली, तरी त्या वहीवरचे नाव आपल्याच पेढीचे आहे. यंदा पूजेच्या आधी एकदा तीही उघडून पाहावी.