आंबेनळीचा काळ राजमुंद्रीत

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना कडेला दिसतो तो काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या पोटात जीवाश्म नाहीत. मग तो डायनासोर असताना वाहिला की ते संपल्यावर? याचा धागा सापडला आठशेहून अधिक किलोमीटर दूर, आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या दगडखाणींत.

तिथेही दख्खनचाच लाव्हा आहे, पण दोन थरांत, आणि मधोमध समुद्रात साचलेला गाळ नि चुनखडी. रसायन आणि खडकात गोठलेली चुंबकीय दिशा ताडून पाहिली, तर खालचा थर आंबेनळीच्या थरांशी जुळतो आणि वरचा महाबळेश्वरच्या. म्हणजे मधल्या गाळाचा काळ कळला की घाटातलं कोडं बरंचसं सुटतं.

गाळाचा काळ सांगतात फोरामिनिफेरा. एकाच पेशीचे हे जीव अंगाभोवती बहुधा चुन्याचं कवच बांधतात. त्यातले तरंगणारे प्रवाहाबरोबर समुद्रभर पसरतात आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलतात, म्हणूनच ते कामाचे. खडक भिजवून मोकळा करायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, उरलेली रेती सूक्ष्मदर्शकाखाली पसरायची आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच टिपायचं. डोळे फोडणारं काम!

पुराजीवशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली राजमुंद्रीचा निष्कर्ष मांडला. खालच्या लाव्हावर बसलेल्या गाळात क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळातली मोठी, नक्षीदार कवचं नव्हती. होती ती डायनासोर संपले त्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारानंतरची इवली कवचं. त्यांतली एक जात पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना. जीवापेक्षा नावच मोठं! त्यातलं ‘युगुबिना’ इटलीतल्या गुब्बिओ गावावरून पडलं. तिथल्या चुनखडीतून १९६४ साली या जातीचं पहिलं वर्णन झालं. ही जात संहारानंतर लवकरच अवतरली आणि जेमतेम तीन लाख वर्षांत नाहीशी झाली. इतकी अल्पायुषी जात भूवैज्ञानिकाला हवीच असते: ती दिसली की गुब्बिओ आणि राजमुंद्रीचे थर एकाच काळात बसतात.

ही कवचं वर्षं मोजत नाहीत, क्रम लावतात. डायनासोर लाव्हाने मारले की उल्केने, हा वाद त्यांच्याने मिटत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. पुढे ओएनजीसीने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात खोदलेल्या विहिरींचे नमुने तपासले, तेव्हा लाव्हाच्या खालच्या गाळात क्रिटेशियस काळातल्या जाती मिळाल्या. म्हणजे आंबेनळीशी जुळणारा लाव्हा या दोन गाळांच्या मधल्या काळातला.