ग्लोबल पॅकेज अपडेट करण्याआधी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलात मराठी सर्रास कानावर पडते; पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हाच लागतो. या भागातल्या मुलांना संगणक शिकायचा तर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, बासरला, २००८ साली स्थापन झालेले राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. दहावीनंतर तिथे जाणारे असोत की पुण्या-हैदराबादेत शिकणारे, जावास्क्रिप्ट हाती घेतली की एनपीएमशी गाठ पडतेच.

रायन डालने २००९ मध्ये ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे नोड तयार केले आणि लगेच २०१० मध्ये आयझॅक श्लूटरने एनपीएम. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड पॅकेजच्या रूपात आणून देणे हे त्याचे काम. प्रकल्पासाठी आणलेल्या पॅकेजची नोंद प्रकल्पातच राहते, नेमकी आवृत्ती लॉक फाइलमध्ये कोरलेली असते. 'हायफन जी' लावून घेतलेले ग्लोबल पॅकेज कुठल्याच प्रकल्पाच्या नोंदीत नसते. म्हणूनच ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

'एनपीएम आउटडेटेड हायफन जी' ही आज्ञा दिली की जुन्या झालेल्या पॅकेजची यादी समोर येते. सुरुवात इथूनच करावी. बरेच जण थेट 'एनपीएम अपडेट हायफन जी' चालवतात आणि सगळे अगदी ताजे झाले असे समजतात. एनपीएमची अधिकृत माहिती मात्र सांगते, की ही आज्ञा आवृत्तीतला पहिला आकडा ओलांडत नाही. ४.२.१ चे ४.९.० होईल, ५.०.० होणार नाही. पहिला आकडा बदलतो तेव्हा जुना कोड मोडू शकतो, त्यामुळे ही सावधगिरी मला रास्त वाटते. नवी मोठी आवृत्ती हवीच असेल तर 'एनपीएम इन्स्टॉल हायफन जी' नंतर पॅकेजचे नाव आणि 'ॲट लेटेस्ट' लिहावे, तेही एकेका पॅकेजसाठी. एकाच संगणकावर नोडच्या अनेक आवृत्त्या ठेवण्यासाठी एनव्हीएम वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: नोडच्या प्रत्येक आवृत्तीचा ग्लोबल संच वेगळा असतो.

नवे ते सुरक्षितच, हा समज ८ सप्टेंबर २०२५ रोजी खोटा ठरला. एनपीएमच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला एक देखभालकर्ता फसला आणि चॉक, डीबग यांसह १८ पॅकेजमध्ये क्रिप्टो चलनाचे व्यवहार चोरट्यांच्या खात्याकडे वळवणारा कोड शिरला. ही पॅकेज मिळून आठवड्याला दोन अब्जांहून अधिक वेळा उतरवली जात होती. दूषित आवृत्त्या काही तासांतच काढल्या गेल्या; पण नेमक्या त्याच वेळात अपडेट करणाऱ्याला ते विष मिळाले.

शिवाय पॅकेज बसवताना त्यातली स्क्रिप्ट आपल्या संगणकावर चालू शकते. आज्ञेआधी 'सूडो' लावले तर तिच्या हाती थेट प्रशासकाचे अधिकार जाण्याची भीती असते. म्हणून मुलांनो, सूडो टाळा, न वापरलेली ग्लोबल पॅकेज काढून टाका आणि आज आलेली आवृत्ती निदान आठवडाभर थांबून घ्या.