पुरोहितांच्या वाड्यातली पुस्तके

मँचेस्टर म्हटले की आपल्याला आठवते गिरण्यांचे कापड आणि १९०५ साली पुण्यात पेटलेली परदेशी कपड्यांची होळी. त्याच गावात, व्हिक्टोरिया स्टेशनला लागून, वालुकाश्माचा एक जुना वाडा उभा आहे. १४२१ साली शेजारच्या चर्चला राजाची सनद मिळाली आणि तिथल्या पुरोहितांच्या निवासासाठी हा वाडा बांधला गेला. मधे चौक, भोवती लहान लहान खोल्या, एक प्रशस्त भोजनगृह. आपल्याकडच्या एखाद्या मठाची आठवण व्हावी.

१५४७ साली सरकारने अशा धर्मसंस्था बरखास्त केल्या आणि वास्तू डर्बीच्या उमराव घराण्याकडे गेली. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्या यादवीत तर तिथे कैदी डांबले, दारूगोळा साठवला!

फस्टियन नावाच्या जाड्याभरड्या कापडात गडगंज झालेल्या हम्फ्रे चेटमचा या वाड्यावर डोळा होता. पण हयातीत काही तो त्याला मिळाला नाही. हा अविवाहित व्यापारी १६५३ साली वारला. मृत्युपत्रात त्याने गरीब मुलांसाठी शाळा आणि विद्याव्यासंगी लोकांसाठी ग्रंथालय यांची तजवीज केली होती. विश्वस्तांनी वाडा विकत घेतला. ओल लागू नये म्हणून पुस्तके वरच्या मजल्यावर ठेवली आणि चोरी होऊ नये म्हणून चक्क साखळ्यांनी कपाटांना जखडली. वाचकाने स्टूल उचलायचे आणि पुस्तकापाशी जाऊन बसायचे. ती ओक लाकडाची चोवीस स्टुले, हात घालून उचलण्यासाठी मधे वळणदार खाच असलेली, अजून तिथे आहेत. साखळ्या अठराव्या शतकात निघाल्या, पण त्यांच्या जागी कपाटांच्या रांगांना कुलपाची फाटके आली. पुस्तकांवर एवढा पहारा. वाचकाकडून मात्र ग्रंथपालाने काहीही मागायचे नाही, ही चेटमची अट. मला या अटीचेच अप्रूप वाटते.

तिचा लाभ कोणी घ्यावा? १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स इथल्या खिडकीपाशी, चौकोनी मेजावर अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचत बसत. व्यापाऱ्याच्या पैशाने घेतलेल्या छपराखाली भांडवलशाहीची झडती! पंचवीस वर्षांनी एंगल्सने मार्क्सला पत्रात त्या जागेची आठवण करून दिली. खिडकीच्या रंगीत काचांमुळे आत बसल्यावर बाहेर नेहमीच छान हवा असल्यासारखे वाटे, असे त्याने लिहिले होते.

चेटमच्या शाळेची १९६९ साली संगीतशाळा झाली. ग्रंथालय चालूच आहे. आधी वेळ ठरवून कुणालाही तिथे वाचायला बसता येते.