घरपट्टीतील सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही

घरपट्टीचे बिल आले की आपण शेवटचा आकडा पाहतो, सुस्कारा टाकतो आणि बिल खुंटीला लावतो. ज्या घरात अंध, मूकबधिर, बौद्धिक अपंगत्व असलेले किंवा हातापायाने अधू माणूस आहे, त्या घराने तरी एवढ्यावर थांबू नये. राज्यातील काही महानगरपालिका, नगरपालिका व ग्रामपंचायती अशा घरांना करात सूट देतात. दर आणि अटी मात्र ठिकठिकाणी वेगळ्या आहेत.

म्हणून पहिले काम ठराव शोधण्याचे. ठराव ही चीज आपल्याला नवी नाही. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता; तरी १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांना लोकांसह तळ्यावर जावे लागले, कारण ठराव दप्तरात पडून होता. करसवलतीचे ठरावही असेच पडून असतात. कर खात्यात त्याची प्रत मागावी. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. (मुंबईतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफच आहे. त्या वाचकांनी ही दगदग करू नये.)

आता बिल नीट वाचा. घरपट्टी हा एकच कर नसतो. सामान्य कर, पाणी, मलनिःसारण, साफसफाई, शिवाय सरकारचा शिक्षण कर अशा त्यात ओळी असतात. सवलत बहुधा सामान्य करापुरती असते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना सामान्य करातच ५० टक्के सूट ठेवली, तीही मालमत्ता त्या व्यक्तीच्या नावे असेल तर. समजा बिल ४,००० रुपयांचे आहे आणि त्यात सामान्य कर १,६०० रुपये आहे, तर सुटतात ८००. बिल निम्मे होईल या आशेने जाणारा माणूस खिडकीवर उगाच भांडतो.

खरी अडचण नावाची. आमच्या भागातील एका विधवा ताईंचा अर्ज दोनदा परत आला. मुलगा पोलिओने अधू, प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे, पण बिलावर नाव वारलेल्या सासऱ्यांचे. खिडकीवरच्या बाबूने नकाराचे कारण लिहूनसुद्धा दिले नाही. आपल्या वस्त्यांत निम्म्या घरांवर अजून आजोबांचेच नाव असते. आधी मृत्यूचा दाखला जोडून वारसनोंद करून घ्यावी. खेड्यात ती नमुना नंबर ८ ला होते. पण काही शे रुपयांसाठी घर घाईघाईने एकट्या मुलाच्या नावे करू नका. त्यात बहिणींचाही वाटा आहे. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले त्यामागे हिंदू कोड बिल रखडल्याचे कारण होते, हे आपल्या घरात तरी विसरले जाऊ नये. माणूस बौद्धिक अपंग असेल, तर त्याच्या वतीने सही कोण करणार हा प्रश्न येतो. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आईबाप हयात असतानाच हे केलेले बरे.

प्रमाणपत्र जुने, हाताने लिहिलेले असेल तर यूडीआयडी कार्ड काढून घ्या. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रे ऑनलाईनच दिली जातात. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. घरात काहीही म्हणा, अर्जावर तोच लिहा.

अर्जासोबत कार्डाची प्रत, आधार, चालू बिल व मागील पावती जोडावी. थकबाकी असेल तर आधी तिचा निकाल लावावा, कारण बहुतेक ठिकाणी तेच पहिले कारण काढतात. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. मी स्वतः कारकुनी करतो म्हणून सांगतो, आवक क्रमांक नसलेला अर्ज कचेरीच्या लेखी आलेलाच नसतो.

आणि गावात असा ठरावच नसेल तर? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कोठे खर्चले, हा प्रश्न आणि सवलतीच्या ठरावाची मागणी पुढच्या ग्रामसभेपूर्वी ग्रामसेवकाकडे लेखी द्या. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात.